मदतीची मुदत

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या कार्यालयात एक दोनशे पानी वही आहे. पुठ्ठ्याचं कव्हर आणि त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं: 'कारगिल निधी, १९९९'. आत पट्टीनं रेघा मारून चार रकाने पाडलेत. अनुक्रमांक, खोली क्रमांक, रक्कम, सही. त्या जून-जुलैत मी आणि आणखी दोघं रोज संध्याकाळी ही वही घेऊन दारोदार फिरत होतो. कुणी एकशेएक दिले, कुणी पाचशेएक. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी पोह्यांच्या डब्यातून सुटे काढून एकवीस रुपये मोजून दिले आणि सहीच्या रकान्यात अंगठा उठवला. पहिल्या पंधरवड्यात आठ पानं भरली. नववं पान अर्ध्यावर थांबलं. दहाव्या पानापासून त्याच वहीत पाण्याच्या टँकरच्या नोंदी सुरू होतात. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, ड्रायव्हरची सही.

पैसे पोचवायचे तिथं पोचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला छळतं ते अर्धं कोरं राहिलेलं नववं पान. त्या उन्हाळ्यात ज्या घरातला जवान गेला, त्या घरात दोन वर्षांची मुलगी असेल, तर ती दहावीला बसली २०१३ साली. तिची फी, तिचा क्लास, तिच्या आईचं दुखणं, भावकीतला जमिनीचा वाद, हे सगळं त्या मधल्या चौदा वर्षांत घडलं. तेव्हा आमच्या वहीत टँकरचे नंबर होते.

युद्धात होरपळलेल्या मुलांना आणि कुटुंबांना केलेली मदत आपण रकमेनं मोजतो. ती मुदतीनं मोजायला हवी, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. युद्धाची बातमी पंधरा दिवस चालते आणि बालपण अठरा वर्षं. जी मदत बातमीबरोबर येते आणि बातमीबरोबरच जाते, ती देणाऱ्याच्या मनाला शांतता देते, पण मुलाच्या आयुष्याला आधार देत नाही. हे म्हणायला मला आमच्या उपनगरांतच पुरावा सापडतो, आणि तो ऐंशी वर्षांहून जुना आहे.

१९४२ च्या एप्रिलमध्ये वांद्र्यात काही पोलिश मुलं येऊन उतरली. १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना गाड्यांत कोंबून सायबेरियात आणि मध्य आशियात नेलं गेलं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केल्यावर या लोकांना मोकळं करण्यात आलं. पण तोवर भूक आणि टायफसनं किती आया गेल्या होत्या. त्यांची मुलं अश्गाबादच्या आसपासच्या अनाथालयांत गोळा झाली होती. मुंबईत तेव्हा पोलंडचा वाणिज्य दूतावास होता. वाणिज्यदूत एउगेनियुश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी इथून मदतीचं सामान लॉऱ्यांत भरून अश्गाबादला पाठवलं, आणि परतीच्या रिकाम्या लॉऱ्यांत मुलं भरून आणली. मशहद, जाहेदान, क्वेट्टा असा डोंगर-वाळवंटांतला तो रस्ता. वांद्र्याची समुद्राची हवा आणि पोटभर जेवण यांवर काही महिन्यांत मुलं जरा सावरली, मग जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. तिथं नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी स्वतःला त्यांचा 'बापू' म्हणवून घेतलं.

ही गोष्ट आता बरीच सांगितली जाते. पण तिच्यातला राजा मोठा होतो आणि व्यवस्था दिसेनाशी होते. म्हणून मला बालाचडीपेक्षा आपल्या कोल्हापूरजवळचं वळिवडे अधिक शिकवून जातं. १९४३ ते १९४८ या पाच वर्षांत पंचगंगेच्या काठच्या त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. बराकींची वसाहत होती, पण तिथं शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, स्काउटची पथकं होती, नाटकं बसत होती. मुलं पोलिश भाषेत शिकत होती, पोलिश इतिहास पाठ करत होती. कोल्हापूरच्या बाजारात जाऊन मोडकं मराठीही बोलत होती. त्यांना कुणी 'आता तुम्ही आमचे झालात, तुमचं जुनं विसरा' असं म्हटलं नाही. आईजवळच्या मुलाला आईजवळ ठेवलं, भाषा असलेल्याला त्याच्या भाषेत शिकवलं, आणि शाळेचं वर्ष अर्ध्यात मोडू दिलं नाही. युद्ध संपल्यावरही तीन वर्षं छावणी चालली, कारण मुलांना परत जायला घरं उरली नव्हती. पुढं ही मुलं इंग्लंड, पोलंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी जगभर पांगली आणि म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली. एका मुलीनं तर मराठी घरात लग्न करून कोल्हापुरातच आयुष्य काढलं.

याच सुमारास लंडनमध्ये ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी बॉम्बवर्षावातल्या लहान मुलांसाठी शिशुगृहं चालवत होत्या. त्यांनी जवळून जे पाहिलं, ते पुस्तकरूपानं मांडलं. बॉम्ब पडत असताना आईच्या कुशीत राहिलेली मुलं तुलनेनं सावरली. सुरक्षित खेड्यात, पण आईपासून लांब पाठवलेली मुलं जास्त खचली. मदतीचा विचार करणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवावं. आपल्याकडं युद्ध म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढं अनाथाश्रमाची इमारत येते. पाटी, देणगीदाराचं नाव, उद्घाटनाचा फोटो. पण बापाचं छत्र हरपलेल्या बहुतेक मुलांना आई असते, आजी असते, काका असतो. त्या आईच्या हाती दरमहा ठरलेले पैसे पडले, शिवणयंत्र असो, अंगणवाडीतलं काम असो किंवा नर्सिंगचं शिक्षण, तिचं उत्पन्न उभं राहिलं, तर मूल घरातच राहतं. इमारतीपेक्षा ही मदत स्वस्तही पडते. मात्र तिचं उद्घाटन करता येत नाही.

वळिवड्याच्या बराकींचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. पोलिश लोक गेले आणि त्याच जागेत फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आज तिला गांधीनगर म्हणतात, आणि पश्चिम महाराष्ट्रातले दुकानदार तिथं घाऊक कापड घ्यायला जातात. आमच्या उपनगरांतही तेच घडलं. मुलुंड कॉलनी, चेंबूर कॅम्प, शीव-कोळीवाडा ही नावं आज आपण बसच्या पाटीवर वाचतो. फाळणीनंतर तिथं निर्वासितांना वसवलं. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. फाळणीला कुणी युद्ध म्हणणार नाही, पण घर सोडून पळणाऱ्या लेकराला तो फरक कळत नाही.

या लोकांनी काय केलं ते पाहा. सिंधमधल्या हैदराबादहून आलेले बॅरिस्टर होतचंद अडवाणी आणि प्राचार्य के. एम. कुंदनानी यांनी १९४९ मध्ये वांद्र्यात नॅशनल कॉलेज काढलं. हशू अडवाणी कराचीकडून रिकाम्या हातानं आले आणि १९६२ मध्ये त्यांनी चेंबूरला विवेकानंद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आज तिथं मराठी, गुजराती, तमीळ घरांतली मुलं शिकतात. फार दिवस मदत दिली की माणूस पांगळा होतो, हा आक्षेप मी लहानपणापासून ऐकतो. शिधा वाटून माणसाला रांगेत उभं करणारी मदत तसं करते, हे मला मान्य आहे. पण ज्याला जागा मिळाली, शाळा मिळाली, धंदा मांडायला अवधी मिळाला, तो एका पिढीत देणारा झाला. चेंबूर आणि वांद्रा ही त्याची साक्ष आहे. पांगळेपण येतं ते अर्धवट मदतीनं: दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती बंद पडली आणि पोरगी शाळेतून निघाली, की येतं.

आता आपल्या सैनिकांच्या घरांकडं वळू. दर ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. १९४९ पासूनची ही प्रथा. आमच्या लहानपणी बाई वर्गात छोटे कागदी झेंडे वाटायच्या. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, एकेक दल एकेका रंगाचं. तो टाचणीनं शर्टाच्या खिशावर लावायचा आणि घरून चार आणे, आठ आणे आणायचे. आठ आणे आणून झाले की झेंडा संध्याकाळपर्यंत गळून पडायचा. त्या आठ आण्यांतून सैनिकांच्या मुलांची वसतिगृहं चालतात, विधवांना मदत मिळते, मुलांना शिष्यवृत्ती मिळते, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आजही जिल्ह्याजिल्ह्याला ध्वजदिन निधीचा इष्टांक दिला जातो आणि कार्यालयं तो पुरा करतात. काम होतं, पण नागरिक म्हणून आपला त्याच्याशी संबंध टाचणीपुरताच राहिला आहे.

पार्ल्याच्या उड्डाणपुलाला कॅप्टन विनायक गोरे यांचं नाव आहे. १९९५ मध्ये काश्मीरमध्ये ते कामी आले. रोज हजारो गाड्या त्या पुलावरून जातात. त्यांच्या आई अनुराधा गोरे यांनी मुलाच्या मागं सैनिकांच्या जीवनाविषयी लिहिण्याचं आणि बोलण्याचं व्रत घेतलं. एका आईनं आपल्या दुःखाचं इतरांसाठी काम करून दाखवलं. तिच्या व्याख्यानाला टाळ्या वाजवून घरी जाणाऱ्या आम्हा उपनगरवासीयांना तेवढी चिकाटी का दाखवता येऊ नये?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. त्याच्या नावापुढं कागदोपत्रीही 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले. आजही तिथं घरटी फौजी आहे. घाटकोपर, भांडुप, कांजूरच्या चाळींतल्या किती कुटुंबांचं गाव असंच साताऱ्यात, सांगलीत किंवा कोकणात आहे. एक भाऊ पलटणीत गेला, एक मुंबईला गिरणीत आला. म्हणजे जवानाचं घर आणि मुंबईकराचं घर यांत नात्याचं अंतर फार नाही. गावाकडच्या वीरपत्नीला पेन्शनचा कागद इंग्रजीत येतो. 'स्पर्श' प्रणालीवर हयातीचा दाखला द्यायचा असतो, नावातली एक वेलांटी चुकली तर पैसे अडतात. मुलुंड-बोरिवलीत बँकांतून निवृत्त झालेली हजारो माणसं आहेत. ज्यांनी चाळीस वर्षं हेच कागद हाताळले, त्यांनी महिन्यातला एक रविवार अशा घरांना दिला, तर त्याचं मोल देणगीच्या पावतीपेक्षा जास्त होईल. चिकाटीच्या संस्था आपल्याकडं आहेतही. महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढं खडकीला गेली आणि शंभर वर्षं उलटून गेल्यावरही ती चालू आहे.

पण आपल्या जवानाच्या मुलापाशी मदत थांबवायची का? 'आधी आपलं घर बघा' हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्य आहे. जवळच्याला टाळून लांबच्यासाठी गहिवरणं खोटं असतं. तरी जवळचं कोण, हे कसं ठरवायचं? काश्मीरमध्ये गोळीबारात बाप गेलेली मुलगी आपली की परकी? तिचा बाप सैनिक होता, अतिरेकी होता की रस्त्यानं चाललेला मजूर, हे विचारून मग तिला ताट वाढायचं का? तेव्हाच्या नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यातला अधिक कदम हा तरुण विद्यार्थीदशेत काश्मीरला गेला आणि तिथल्या अनाथ मुली पाहून थांबला. २००२ मध्ये त्याच्या 'बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन'नं कुपवाड्यात मुलींचं पहिलं घर सुरू केलं. पुढं अनंतनाग, बडगाम, जम्मू इथंही घरं झाली. अतिरेकी त्याच्याकडं संशयानं पाहत होते आणि सुरक्षा दलंही. तो हटला नाही. त्या पहिल्या घरातल्या चिमुरड्या आज बायका झाल्या असतील. हे घर एका वर्षाच्या प्रकल्पावर चाललं असतं, तर त्यांचं काय झालं असतं? पुण्यात संजय नहार यांच्या 'सरहद'नं काश्मिरी मुलांना शिकायला आणलं, तेही एका सहलीसाठी नव्हे, तर शाळा-कॉलेज पुरं होईपर्यंत.

शत्रूच्या मुलाचा प्रश्न आपल्याआधी एका इंग्रज बाईला पडला होता. पहिलं महायुद्ध संपलं तरी जर्मनी-ऑस्ट्रियाची नाकेबंदी उठली नव्हती. तिथली मुलं कुपोषणानं मरत होती. एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात उपाशी ऑस्ट्रियन मुलांची चित्रं असलेली पत्रकं वाटली. परवानगी न घेता वाटली म्हणून त्यांना अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी 'सेव्ह द चिल्ड्रन' काढली. त्यांनी लिहिलेली बालहक्कांची सनद १९२४ मध्ये राष्ट्रसंघानं स्वीकारली. त्या वाटेवरच पुढं १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला आणि १९९२ मध्ये भारतानं तो मान्य केला. आपल्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांनीही परक्या युद्धात आपलं-परकं पाहिलं नाही. १९३८ मध्ये काँग्रेसनं चीनला पाच डॉक्टर पाठवले. चार जण परत आले. सोलापूरचे कोटणीस तिथंच राहिले आणि १९४२ मध्ये जखमींची सेवा करता करता गेले. चीनमध्ये आजही त्यांचं नाव घेतलं जातं, कारण ते राहिले.

युनिसेफच्या २०२४ च्या हिशेबाप्रमाणं जगातली ४७ कोटींहून अधिक मुलं, म्हणजे सहांतलं एक, युद्धाच्या झळा लागलेल्या प्रदेशात राहतात. गाझा, युक्रेन, सुदान ही नावं आपल्या फोनवर रोज येतात. अंधेरीच्या गाडीत उभ्या माणसाला वाटतं, एवढ्या समुद्रात माझी ओंजळ कुठं पुरणार? त्याला मी १९७१ ची आठवण करून देतो. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आले तेव्हा सरकारनं पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला सांगितलं. नोव्हेंबर १९७१ ते मार्च १९७३ पर्यंत देशभरच्या साध्या माणसानं खुशालीच्या पत्राबरोबर पाच पैसे निर्वासितांना दिले. युद्ध तेरा दिवसांत संपलं, तिकीट जवळजवळ दीड वर्ष चाललं. हीच मला योग्य रचना वाटते. रक्कम इतकी लहान की कुणाच्या घराला जड होऊ नये, आणि मुदत इतकी लांब की घेणाऱ्याला भरवसा वाटावा. आपल्या घरांत आवर्ती ठेव कळते. सोन्याचा हप्ता कळतो, भिशी कळते. मग दान तेवढं एकरकमी का?

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. मुलाचा फोटो काढून देणगी मागू नये आणि देऊही नये. बाल न्याय कायदा, २०१५ नं सशस्त्र संघर्षाची झळ लागलेल्या मुलाला 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल' मानलं आहे, आणि कलम ७४ नं अशा मुलाची ओळख उघड करायला बंदी घातली आहे. तरीही व्हॉट्सॲपवर रडणारी मुलं फिरत राहतात. त्यातलं एखादं मूल उद्या बावीस वर्षांचं होईल आणि नोकरीच्या मुलाखतीला जाईल. आपल्या भुकेलेल्या चेहऱ्यानं कुणाच्या तरी तिजोरीत पैसे आणले, हे त्यानं आयुष्यभर का वाहायचं? 'फोटो नसेल तर पैसे कुठं गेले हे कसं कळणार?' असं विचारणाऱ्यांसाठी मार्ग सोपा आहे. धर्मादाय आयुक्तांकडं नोंद असलेल्या संस्थेकडं लेखापरीक्षित हिशेब मागा. किती मुलं पाच वर्षांपूर्वी आली आणि त्यांतली किती अजून शिकताहेत, हा एक आकडा मागा. संस्थेची खरी परीक्षा त्या एका आकड्यात होते.

सरकारची जबाबदारी यातून संपत नाही. पेन्शन, शिष्यवृत्ती, वसतिगृह हे हक्क आहेत. ते वेळेवर मिळावेत म्हणून भांडायलाच हवं. पण सरकार पैसे देतं तेव्हाही मुलाला एक ओळखीचा माणूस लागतो, जो दरवर्षी जूनमध्ये फोन करून विचारतो, 'पुस्तकं घेतलीस का?' तो माणूस शेजारच्या गल्लीतूनच यायला हवा.

गेल्या आठवड्यात मी ती वही पुन्हा कपाटातून काढली. टँकरच्या नोंदी शेहेचाळिसाव्या पानावर संपतात. पुढची सगळी पानं कोरी आहेत. समितीच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं, की सत्तेचाळिसाव्या पानावर नवे रकाने आखू. घरटी महिन्याला शंभर रुपये, आणि मुदत अठरा वर्षं. चौदा घरांनी होकार दिला आहे. चौदा घरं म्हणजे महिन्याला चौदाशे रुपये. एका आईचा सगळा भार त्यात उतरत नाही, पण एका मुलीच्या वह्या-पुस्तकांचा, फीचा आणि एसटीच्या पासाचा खर्च त्यात नक्की भागतो. ती मुलगी कुणाची, हे आम्ही विचारणार नाही. फक्त ती शिकते आहे ना, एवढं दरवर्षी विचारू.

तुमच्या सोसायटीच्या कपाटातही अशी एखादी अर्धी राहिलेली वही असेल. कारगिलची, त्सुनामीची, पुलवामाची. ती येत्या ७ डिसेंबरच्या आत शोधा आणि पुढचं पान उघडा.